ही नोंद कुठल्या वहीत?

प्रति,
मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली



पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यातून, वरकुट्याहून हे पत्र लिहितो आहे. आमच्या भागातून दिल्लीला पत्र आलं की ते उसाच्या दराचं नाहीतर उजनी धरणाच्या पाण्याचं असणार, असं आपल्या कार्यालयाला वाटेल. वाटणं रास्त आहे. पण ते दोन्ही विषय आपल्या खात्याचे नाहीत आणि हा आहे. परदेशात सेवेला गेलेला आपला माणूस तिथं आजारी पडला आणि जिवावर बेतलं, तर तो कुणाचा, एवढंच मला विचारायचं आहे.

पोटासाठी जाणाऱ्याचं उत्तर आपल्याकडे आहे. दहावी न झालेला माणूस आखातात कामाला निघाला की त्याला 1983 चा कायदा लागू होतो. ठरलेल्या 18 देशांत नोकरीला जायचं तर परवानगी लागते, मालकाचं नाव-गाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर चढतं आणि प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी काढल्याशिवाय त्याला विमानात बसता येत नाही. हप्ता दोन वर्षांचा 275 रुपये, तीन वर्षांचा 375, कर वेगळा. अपघातात गेला किंवा कायमचा अधू झाला तर 10 लाख, आणि दवाखान्याच्या खर्चालाही थोडीफार तरतूद. रक्कम मोठी नाही, अंमलबजावणीबद्दल तक्रारीही पुष्कळ असतील. पण त्या माणसाचं नाव एका वहीत असतं आणि त्याच्या मालकाचं नाव त्याच ओळीत असतं. हिंडायला जाणाऱ्याचीही सोय आहे. युरोपचा शेंगेन व्हिसा मागणाऱ्या पर्यटकाला 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा दाखवल्याशिवाय व्हिसा मिळत नाही. शिकायला जाणाऱ्याच्या मागे बहुतेक वेळा त्याचं विद्यापीठच विम्याचा तगादा लावतं.

सेवेला जाणारा यातला कुणीच नाही. तो नोकर नाही, म्हणून 1983 चा कायदा त्याला ओळखत नाही. फी भरत नाही, म्हणून विद्यापीठ त्याच्या मागे नाही. आणि नेपाळला गेला तर पासपोर्टसुद्धा लागत नाही, मतदार ओळखपत्रावर माणूस सीमा ओलांडतो. 2015 च्या एप्रिलमध्ये तिथं 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा महाराष्ट्रातून डॉक्टर गेले, कार्यकर्ते गेले, घोंगड्या आणि औषधं घेऊन पोरं गेली. अडीच हजार मीटरच्या वर चढलं की सपाटीवरच्या धडधाकट माणसालाही विरळ हवा बाधू शकते, डोकं दुखून उलट्या सुरू होतात, आणि तेव्हा एकच खात्रीचा उपाय असतो, खाली उतरणं. हे त्यातल्या किती जणांना कुणी सांगितलं असेल? आणि एखादा तिथं पडला असता, तर तो कोणत्या गावचा आणि कुणी पाठवलेला हे कुणाला कळलं असतं?

माझ्या घरातलंच सांगतो. माझा भाचा शेतीची पदविका घेऊन ठिबकच्या कामात पडलेला. एका संस्थेमार्फत तो एका हंगामापुरता टांझानियात गेला. तिथल्या अल्पभूधारक शेतकऱ्यांना ठिबकची नळी कशी अंथरायची, फिल्टर कसा धुवायचा, हे शिकवायला. पगार नव्हता. तिकीट, राहणं, जेवणखाण संस्थेचं. संस्थेचं नाव घेत नाही, कारण माझं भांडण एका संस्थेशी नाही. तिच्यासारख्याच बाकीच्याही असाव्यात असं मला वाटतं. माणसं चांगली, हेतू चांगला, आणि आजारपणाचा विचार कुणीच केलेला नाही.

जाण्याआधी त्याला पिवळ्या तापाची लस मात्र टोचली होती. ती किमान दहा दिवस आधी आणि सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, आणि तिचा दाखला नसेल तर पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशातून परत येणाऱ्याला आपलेच अधिकारी विमानतळावरून घरी सोडत नाहीत, सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. म्हणजे जिथं सक्ती आहे तिथलं काम बिनबोभाट झालं. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांची सक्ती नव्हती, म्हणून त्या राहिल्या. ‘आपल्याकडं काय मलेरिया नसतो का?’ असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांनाच पटलं. आपल्याकडे असतो, खरं आहे. पण जगात हिवतापानं जी माणसं दगावतात त्यांतली शंभरातली पंचाण्णव आफ्रिकेत दगावतात. तिथल्या तापाला बहुतेक वेळा फॅल्सिपेरम जातीचा जंतू कारण असतो. त्यात सकाळी चालताबोलता असलेला माणूस दुसऱ्या सकाळपर्यंत बेशुद्धीला पोचू शकतो.

ताप आला तेव्हा भाच्यानं कुणालाच सांगितलं नाही. तो कामावर जात राहिला. एका दुपारी नळी अंथरता अंथरता तो शेजारच्या शेतकऱ्याशी मराठीत बोलायला लागला. त्या शेतकऱ्याला भाषा कळली नाही, पण पोराचं काहीतरी बिनसलंय हे बरोबर कळलं. त्यानं त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवलं, मागून आपल्या भावाला धरायला लावलं आणि गावच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या परिचारिकेनं बोटाचं रक्त घेऊन पट्टीवर तपासणी केली. गोळी पोटात ठरत नव्हती, म्हणजे इंजेक्शन हवं, आणि इंजेक्शन जिल्ह्याच्या ठिकाणी.

इथपर्यंतची सगळी माणसं परकी होती आणि एकही चुकलं नाही. पुढचा घोळ आपल्या माणसांचा आहे.

वरकुट्यात फोन आला तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. तिथं दहा, कारण टांझानिया आपल्या अडीच तास मागं आहे. मोठ्या रुग्णालयात अनामत भरायची होती. इथं चहाच्या टपरीवर आपण यूपीआयनं दहा रुपये देतो. ते तिथल्या रुग्णालयाच्या खिडकीवर चालत नाही. परदेशी पैसे धाडायला बँक उघडी लागते, फॉर्म भरावा लागतो, आणि शनिवारची रात्र होती. संस्थेच्या समन्वयकाचा फोन बंद. विम्याची पॉलिसी होती, पण तिची प्रत भाच्याच्या फोनमध्ये, आणि फोन त्याच्या खोलीवर. शेवटी पॉलिसी क्रमांक मिळाला, तर विम्याच्या मदत केंद्रातल्या बाईंनी विचारलं, प्रवासाचं कारण काय? आम्ही सांगितलं, समाजसेवा. त्यांच्याकडच्या यादीत सहल होती, व्यवसाय होता, शिक्षण होतं. समाजसेवा नव्हती. पॉलिसी सहलीची आहे, तो काम करत होता, तेव्हा दावा बसतो की नाही हे कागद बघून ठरवू, असं उत्तर मिळालं. बाईंचा दोष नाही. त्यांच्यासमोरच्या रकान्यात आमचं पोरगं मावत नव्हतं.

पैसे भरले ते तिथल्या एका गुजराती दुकानदारानं. पूर्व आफ्रिकेत ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पाइपचे जोड त्याच्याच दुकानातून घेतले जायचे, तेवढीच ओळख. आणि आपल्या खात्याबद्दलही सांगायला हवं. दार-ए-सलामच्या आपल्या उच्चायुक्तालयाचा क्रमांक भाच्याच्या मित्रानं शोधून दिला, तिथं रात्रीही फोन उचलला गेला आणि उचलणाऱ्यानं दोनच गोष्टी विचारल्या: पासपोर्ट क्रमांक आणि पाठवणारी संस्था कोण. पहिला आम्ही कपाट उचकटून शोधला. दुसऱ्याचं उत्तर होतं, पण त्या उत्तराच्या पलीकडे फोन उचलणारं कुणी नव्हतं.

पोरगा वाचला. शिरेतून आर्टेसुनेट दिलं आणि तो शुद्धीवर आला. हे औषध ज्या मूळ द्रव्यापासून होतं ते चीनमध्ये एका औषधी वनस्पतीतून काढलं गेलं, आणि त्या शोधासाठी तू यूयू या शास्त्रज्ञ बाईंना 2015 चं नोबेल मिळालं. चीनचं नाव निघालं की आमच्या भागात दुसरं एक नाव हटकून निघतं. इंदापूरहून महामार्गानं शंभर-सव्वाशे किलोमीटर पुढं गेलं की सोलापूर लागतं, आणि सोलापूर म्हटलं की चीनमध्ये सेवेला गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस.

त्यांची गोष्ट आपण लोकांनी सिनेमातून ऐकली. व्ही. शांतारामांनी 1946 साली काढलेल्या चित्रपटानं ती घरोघर नेली. चीनचे पाहुणे भारतात आले की कोटणीस कुटुंबाला भेटत आले आहेत, हे आपल्या खात्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण त्या गोष्टीचा एक भाग आपण गौरवाच्या भरात भरभर वाचून पुढं जातो, त्यावर मला जरा थांबायचं आहे.

1938 साली राष्ट्रीय सभेनं, म्हणजे काँग्रेसनं, जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच डॉक्टर पाठवले. अलाहाबादचे अटल पथकप्रमुख, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस, वय 28 देखील पुरं नव्हतं. सप्टेंबरात मुंबईच्या धक्क्यावरून बोट निघाली. पुढल्या काळात चौघे परत आले. कोटणीस राहिले. उत्तर चीनच्या डोंगराळ मुलुखात आघाडीच्या मागोमाग फिरणाऱ्या दवाखान्यात ते शस्त्रक्रिया करत होते. त्याच मुलुखात त्यांच्याआधी कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून होते, तेही स्वयंसेवकच. 1939 च्या शरदात शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला जखम झाली, हातात मोजे नव्हते, जखम चिघळली, विष रक्तात पसरलं आणि 12 नोव्हेंबरला एका खेड्यात ते गेले. बोटाच्या जखमेनं गेलेला नामांकित शल्यविशारद! पेनिसिलिनचं इंजेक्शन माणसाला पहिल्यांदा दिलं गेलं ते त्यानंतर, त्यामुळे त्यांना वाचवायला तेव्हा कुणाच्या हातात फारसं काही नव्हतं, हेही खरं.

बेथ्यून यांच्या नावानं जे रुग्णालय निघालं त्याचे 1941 मध्ये कोटणीस पहिले संचालक झाले. ग्वो चिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं, 1942 च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. आणि याच काळात त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. सहकाऱ्यांना दिसत होतं. उपचारासाठी दुसरीकडे जा, असं त्यांना सुचवलं गेलं आणि त्यांनी ते ऐकलं नाही. काम होतं, जखमी येत होते, विद्यार्थ्यांना शिकवायचं होतं. 9 डिसेंबर 1942 ला झटक्यांमागून झटके येऊन ते गेले. वय 32.

या त्यागाला मी हात जोडतो. पण त्याचबरोबर, मंत्रिमहोदय, माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या मनात एक आडमुठा प्रश्न येतो. त्या माणसाला ‘आता पुरे, परत फिरा’ असं हुकमानं सांगू शकेल असं कुणी होतं का? सुचवणारे होते. सांगू शकणारं कुणी नव्हतं. पाठवणारे हजारो मैलांवर होते आणि त्यांतले पुष्कळ 1942 च्या ऑगस्टमधल्या ‘चले जाव’ चळवळीनंतर स्वतःच तुरुंगात होते. त्या काळापुरतं हे समजण्यासारखं आहे. आज खेडोपाडी फोन पोचले आहेत, तरी व्यवस्था तिथंच आहे, हे समजण्यासारखं नाही.

सेवेला गेलेल्या माणसाला स्वतःचं दुखणं सांगायची लाज वाटते. नोकर सुट्टी मागतो, कारण तो त्याचा हक्क असतो. पर्यटक हॉटेलच्या खिडकीवर जाऊन डॉक्टर मागतो, कारण त्यानं पैसे मोजलेले असतात. सेवेकरी मात्र मनात म्हणतो, मी द्यायला आलोय, यांच्याकडून घेऊ कसं? ज्या गावात दिवसाला एक परिचारिका शंभर बायाबापड्यांना बघते तिथं तिचा वेळ आपण खायचा? म्हणून तो ताप लपवतो, दुखरा पाय बांधून चालत राहतो. भाच्याला मी नंतर विचारलं, का नाही सांगितलंस? तो म्हणाला, ‘मामा, त्यांच्यापुढं झोपून कसं राहू?’ ज्याला असं वाटतं त्यालाच ‘तुझी तब्येत तूच सांभाळ’ म्हणणं, ही सगळ्यात मोठी चूक आहे. तो ती सांभाळणार नाही. तो चांगला आहे म्हणूनच सांभाळणार नाही.

आमच्या तालुक्यातून तुकोबांची पालखी जाते. निमगाव केतकीला मुक्काम होतो, इंदापुरात रिंगण होतं. त्या गर्दीत प्रत्येक नोंदलेल्या दिंडीला क्रमांक असतो आणि दिंडीला चालक असतो. एखाद्या म्हाताऱ्याला ताप भरला तर तो म्हणतोच, ‘माउली, मी चालतो, काही नाही झालं.’ दिंडीचालक त्याचं ऐकत नाही. त्याला सामानाच्या ट्रकात बसवतो, औषध देतो, फारच झालं तर घरी फोन लावून मुलाला बोलावून घेतो. त्या म्हाताऱ्याची भक्ती कुणी कमी लेखत नाही. पण चालायचं की बसायचं हे त्या दिवशी त्याच्या हातात ठेवत नाहीत. परदेशी गेलेल्या माझ्या भाच्याला दिंडी नव्हती. तो मोकळा वारकरी होता, अनोळखी वाटेवर.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. परदेशी सेवेला माणूस पाठवणाऱ्या प्रत्येक संस्थेनं, मग ती देणगीवर चालणारी असो, कॉलेज असो की देवस्थान, त्या माणसाचं नाव जाण्याआधी आपल्या एखाद्या पोर्टलवर नोंदवावं. ई-मायग्रेटवर एक खिडकी वाढवली तरी चालेल. त्या नोंदीत संस्थेतल्या एका जबाबदार माणसाचं नाव आणि रात्रीही लागणारा फोन असावा, आणि या माणसाला ‘परत ये’ म्हणायचा अधिकार आहे हे स्वयंसेवकानं सही करून मान्य केलेलं असावं. विमा संस्थेनं काढावा, त्यात ‘स्वयंसेवा’ हे कारण स्पष्ट लिहिलेलं असावं आणि रुग्णाला मोठ्या शहरात किंवा मायदेशी हलवण्याचा खर्च त्यात धरलेला असावा. विमानानं रुग्ण हलवायचा म्हटलं की आकडा लाखांच्या घरात जातो, तो कुठल्याही शेतकऱ्याच्या खात्यात नसतो. प्रवासी भारतीय विम्याचाच विस्तार करता येत असेल तर उत्तमच. मजुराला जे तीन-चारशे रुपयांत मिळतं ते सेवेकऱ्याला का मिळू नये?

आपल्याकडे मदत आहेच, ती लोकांना माहीत नाही, असंही माझ्या लक्षात आलं. 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, 2017 मध्ये त्याचे नियम सुधारले. परदेशात अडकलेल्या आणि ऐपत नसलेल्या भारतीयाच्या तातडीच्या उपचाराला, परतीच्या तिकिटाला, आणि तशीच वेळ आली तर पार्थिव आणायला त्यातून मदत मिळू शकते. 2015 पासून ‘मदद’ नावाचं पोर्टलही आहे. पण रात्री साडेबारा वाजता वरकुट्यात हे दोन शब्द माहीत असलेला माणूस मला सापडला नाही. पासपोर्ट हातात देताना एक पानभर मराठी कागद द्या: जायचं असेल त्या देशातल्या आपल्या वकिलातीचा फोन कुठं मिळेल, तिथं नोंदणी कशी करायची, रुग्णालयात दाखल होण्याआधी विमा कंपनीला कळवणं का गरजेचं असतं, पॉलिसीची प्रत आणि रक्तगट घरी कुणाकडे ठेवायचा. आणि खाली ठळक अक्षरात एक ओळ: आफ्रिकेतून परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला तर गावच्या डॉक्टरला आधी ‘मी तिकडं होतो’ हे सांगा. इंदापूर-बारामतीच्या डॉक्टरला पावसाळ्यात ताप दिसला की तो आधी डेंगी आणि टायफॉइड बघणार, त्याचं बरोबरच आहे. पण त्यात गेलेला एखादा दिवस महागात पडू शकतो.

यावर आक्षेप मला ऐकू येतोच आहे. इतकी कागदपत्रं लावली तर सेवेला कोण जाईल? चांगुलपणाला सरकारी शिक्का कशाला? मलाही अर्ज भरायचा कंटाळा आहे. सातबाराच्या एका दुरुस्तीपायी किती चकरा होतात हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. पण ज्या संस्थेला एक नाव, एक फोन आणि एक पॉलिसी एवढं जड वाटतं, तिनं माणसं पाठवू नयेत. तिची शेतं, तिच्या शाळा, तिचे आरोग्य मेळावे तिच्यावाचूनही तिथल्या लोकांनी चालवले असते. माझ्या भाच्याला उचलून नेणारा तो शेतकरी कुठल्याही संस्थेचा नव्हता.

त्या शेतकऱ्याशी भाच्याचं अजून फोनवर बोलणं होतं. ठिबकची नळी तिथं आता दोन गावांत पोचली आहे, आणि भाचा पुन्हा जायचं म्हणतो. बहिणीचा विरोध आहे, माझा नाही. यंदा त्यानं हिवतापाच्या गोळ्या आधीच आणून ठेवल्या आहेत. विम्याचा अर्ज मात्र ‘प्रवासाचे कारण’ या रकान्यापाशी अडला आहे. सहल लिहिली तर ते खोटं, व्यवसाय लिहिला तर तेही खोटं. तिथं त्यानं काय लिहावं, एवढं कृपया आपल्या कार्यालयानं कळवावं. अर्ज पुढच्या आठवड्यात भरायचा आहे.

आपला,
वरकुट्याचा एक शेतकरी
ता. इंदापूर, जि. पुणे